कंबर शेकणारी गाडी

तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण आमच्या विजेच्या गाडीनं माझी कंबर बरी केली! हसा, खुशाल हसा. मी शब्द मागे घेणाऱ्यातला नाही.

लेकीनं गाडी आणली आणि किल्ली नाचवत मला म्हणाली, "बाबा, चालवायला देईन. पण चार्जिंगच्या वाटेला जायचं नाही! उद्या वायरमन येऊन स्वतंत्र लाइन टाकेल, अर्थिंग तपासेल. तोवर हात लावलात तर किल्ली विसरा!"

हे मला? माझ्या नुसत्या नजरेनं बंद पंखे फिरायला लागतात, त्या मला?

गाडी दारात ठेवून लेक बसनं कामाला गेली. मी लगेच माळ्यावरचा जुना एक्स्टेंशन बोर्ड काढला. एक टोक मिक्सरच्या सॉकेटात, दुसरं खिडकीतून गाडीला! वायर मारुतीच्या शेपटासारखी संपता संपेना. पायात येऊ नये म्हणून तिचं सुबक भेंडोळं केलं, खुर्चीच्या उशीखाली सारलं आणि वर बसलो. शिस्त म्हणजे शिस्त!

आणि काय सांगू, खालून अशी गोड ऊब यायला लागली!

"अगं, ऐकलंस का? गाडीबरोबर माझी कंबरही चार्ज होतेय!"

"गुंडाळलेली वायर तापते हो!" ही आतून ओरडली. "उठा आधी. जळका वास येतोय."

"तुझं दूध करपलं असेल!"

"दूध फ्रीजमध्ये आहे!"

तेवढ्यात बुडाखाली निखारा! मी असा उडालो, असा उडालो, की थेट छताचा पंखा धरून गरगरा फिरलो. खाली उशी पेटलेली, वायर नागासारखी फुत्कारतेय, सॉकेट मेणासारखं ओघळतंय. ही पाण्याची बादली घेऊन धावली. "खबरदार! विजेवर पाणी ओततेस?" मी पंख्यावरूनच गरजलो, खाली झेपावलो आणि मेन स्विच खाडकन बंद केला! घर वाचलं, गाडी वाचली.

संध्याकाळी लेक आली, तेव्हा जळक्या खुर्चीशेजारी छाती काढून मी हेच सांगितलं. अगदी शब्द न् शब्द.

"आता तूच बोल! एवढं प्रसंगावधान ज्यानं दाखवलं, किल्ली त्याचीच ना?"

"त्याचीच," लेक म्हणाली. "फक्त एक सांगा, बाबा. आपल्या घरात मेन स्विच आहे कुठे?"

"कुठे म्हणजे? असतो तिथेच!"

"म्हणजे कुठे?"

मी मान ताठ ठेवली आणि ठणकावून माळ्याकडे बोट दाखवलं.

हिनं हात पुसले, दारामागे गेली आणि माझी टोपी उचलली. खाली मेन स्विच!

"रोज याच्यावर टोपी अडकवता, तरी पत्ता नाही! आणि बादली माझ्या नाही, तुमच्या हातात होती. आण गं ती किल्ली इकडे!"