ताटातली सुखदा

इमिग्रेशनच्या ईमेलमध्ये बाकी सगळं नेहमीचं होतं. फक्त तिसऱ्या ओळीत एक प्रश्न होता: "सुखदा देवस्थळी कोण?"

वल्लरीने तो दोनदा वाचला आणि लॅपटॉप नवऱ्याकडे वळवला. "रुचिर, तुझी दुसरी बायको सापडली. तीही सरकारला."

सिंगापुरातल्या सेंगकांगच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये रुचिर उभ्याउभ्या टोस्ट खात होता. त्याने ईमेल वाचला आणि टोस्ट बशीत ठेवला. "काकांनी पत्र लिहिलं होतं ना," तो हळूच म्हणाला.

रुचिर सिंगापूरचा नागरिक, म्हणून पुण्याच्या बायकोसाठी लांबच्या मुक्कामाचा पास मागायची त्याला सोय होती. पण लग्नाच्या जरा आधी त्याने बँकेतली नोकरी सोडून सायकली दुरुस्त करायचं दुकान काढलं होतं, आणि ते दुकान बघून कुठल्याही सरकारने त्याच्या भरवशावर सायकलसुद्धा सोडली नसती, बायको तर दूरच. तेव्हा नातेवाइकांची संयुक्त हमी जोडा, असं त्याला कळवण्यात आलं. नातेवाईक होते दोनच. सेम्बावांगला राहणारे निशिकांतकाका आणि काकू. आईवडील लवकर गेल्यावर याच दोघांनी रुचिरला वाढवलं होतं. काका हल्लीच निवृत्त झाले होते, काकू नोव्हेनाच्या एका दवाखान्याच्या ऑफिसात अजून नोकरीला होत्या. काकांनी पत्र स्वतः टाइप केलं, "इथे सही कर" म्हणून काकूंची सही घेतली आणि रुचिरकडे पाठवलं. रुचिरने ते न वाचताच अपलोड केलं. काकांनी लिहिलेलं तपासून बघायची त्या घरात पद्धत नव्हती.

सुखदा कोण हे वल्लरीला चांगलंच ठाऊक होतं. पाच महिन्यांपूर्वी, पुण्यात लग्न लागल्यावर, काकांनी तांदळाचं ताट तिच्यापुढे सरकवून अंगठी हातात दिली होती. "लिही, सुखदा. आपल्या घराण्यात सुनेचं नाव बदलतात." वल्लरीने अंगठी ताटात ठेवली आणि ती म्हणाली, "काका, मला माझं नाव आवडतं." मग काकांनी स्वतःच अंगठी उचलली, झोकदार अक्षरात 'सुखदा' लिहिलं, फोटोग्राफरला दोन फोटो काढायला लावले आणि ते तांदूळ स्टीलच्या डब्यात भरून सिंगापूरला आणले. डबा अजून त्यांच्या देवघराशेजारी होता.

तिने तिथल्या तिथे फोन लावला. "काका, पत्रात माझं नाव चुकलंय."

"अजिबात चुकलेलं नाही. माझ्या घरात तुझं नाव सुखदा आहे."

"पण पासपोर्टवर वल्लरी मोहरीर आहे."

"पासपोर्ट लग्नाआधीचा आहे," काका शांतपणे म्हणाले. "तू काळजी करू नकोस. त्या लोकांना आपल्या पद्धती माहीत नसतात. मी समजावून सांगतो."

आणि काकांनी समजावून सांगितलं. दोन पानी इंग्रजी पत्रात त्यांनी तांदूळ, अंगठी, घराणं आणि सून या विषयांचा ऊहापोह केला, पुरावा म्हणून ताटाचा फोटो जोडला, आणि हे सगळं कोणाला न विचारता थेट धाडून दिलं. तीन दिवसांनी उत्तर आलं. ताटातल्या मजकुराचं प्रमाणित भाषांतर सादर करावं. शिवाय दुसऱ्या हमीदार मीनल देवस्थळी या नावाची व्यक्ती नोंदीत आढळत नाही, तरी त्या कोण याचा खुलासा व्हावा. सर्वांनी गुरुवारी सकाळी कार्यालयात समक्ष हजर राहावं.

वल्लरीचा पाहुणीचा पास शनिवारी संपत होता.

"मीनल म्हणजे काकूच ना?" तिने विचारलं. "मग नोंदीत का नाहीत?"

रुचिरने छताकडे बघितलं. "कागदावर त्यांचं नाव वेगळं आहे बहुतेक. स... सविता? नाही, सविता नाही."

"ज्यांनी तुला लहानाचा मोठा केला त्यांचं नाव तुला माहीत नाही?"

"अगं, काकू म्हणायचो ना मी!"

वल्लरी खुर्चीत बसून राहिली. त्या पत्रात एक नसलेली बाई दुसऱ्या नसलेल्या बाईची हमी घेत होती, आणि दोघींना जन्माला घालणारा माणूस एकच होता. तिला हसू आलं आणि मग लगेच रडूही आलं. हे घर, हा आपल्याजवळ बसलेला भाबडा नवरा, सगळं तिला हवं होतं. शनिवारी विमानात बसायची तिची मुळीच इच्छा नव्हती.

गुरुवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून, ताटाचा फोटो मोठा करून आणि लॅमिनेट करून आले. काकू ऑफिसची बॅग खांद्याला लावून त्यांच्या मागे उभ्या होत्या. काउंटरवरच्या बाई सगळ्यांची ओळखपत्रं पुढ्यात घेऊन चष्म्याआडून इंग्रजीत बोलत होत्या आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसती दमणूक होती.

"सर, सुखदा आणि वल्लरी एकच का?"

"शंभर टक्के!" काकांनी लॅमिनेट केलेला फोटो पुढे केला.

"फोटो नको, सर." बाईंनी एक कोरा फॉर्म सरकवला. "मग सोपं आहे. 'मला सुखदा या नावानेही ओळखतात' असं मॅडमनी लिहून सही करायची. नाहीतर नवीन हमीपत्र आणा, पासपोर्टवरच्या नावाचं."

काकांचा चेहरा उजळला. "बघ, एका सहीचं काम! कर सही, सुखदा."

वल्लरीने पेन उचललं नाही. "मला या नावाने कोणी ओळखत नाही. तुम्ही नवीन पत्र द्या, काका."

"मी दिलेला शब्द बदलत नाही."

"शब्द तुमचा आहे. नाव माझं आहे."

"वल्लू," रुचिर कुजबुजला, "कर ना एक सही. शनिवार परवावर आलाय."

वल्लरीने त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं सरकून काकूंच्या बॅगेआड गेला. "मी शनिवारी जाईन पुण्याला," ती म्हणाली. "हवं तर दर महिन्याला भेटायला येईन. पण येईन ती वल्लरी म्हणून. त्या ताटातल्या बाईला इथे राहू दे, काका. तिला पाससुद्धा लागत नाही."

काउंटरवरच्या बाईंनी घड्याळाकडे बघितलं. "ओके, हे नंतर बघू. दुसऱ्या हमीदार. मॅडम सरोजिनी आगाशे?"

काका मागे वळून रांगेतल्या लोकांकडे बघू लागले. "बाई चुकीचं नाव पुकारतायत. आपल्यात कोणी आगाशे नाही."

"आहे," काकू म्हणाल्या आणि पुढे आल्या.

"मॅडम, ओळखपत्रावर सरोजिनी आगाशे, पत्रात मीनल देवस्थळी. तुम्हालाही तोच फॉर्म. मीनल या नावाने ओळखतात, असं लिहून सही करा."

काकूंनी फॉर्म घेतला, चष्मा लावून तो शांतपणे वाचला आणि परत काउंटरवर ठेवला. "नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "ऑफिसात मला सरोजिनी म्हणतात. बँकेत सरोजिनी, बहिणींमध्ये सरोजिनी. मीनल म्हणणारा जगात एकच माणूस आहे."

"अगं मीनल," काका घाबरून मराठीत म्हणाले, "काय बोलतेस? तूच अंगठीने लिहिलं होतंस ना ताटात!"

"लिहिलं होतं. चौतीस वर्षांपूर्वी. मलाही तेव्हा या पोरीसारखं नको म्हणायचं होतं, पण धीर झाला नाही." काकूंचे डोळे भरून आले होते, तरी त्या थांबल्या नाहीत. "आज झालाय. आता तुमच्या नावावर हमी होते का बघा. तुम्ही निवृत्त झालात. पगार माझा चालू आहे."

काउंटरवरच्या बाईंना मराठी येत नव्हतं, पण त्या पहिल्यांदाच ताठ बसल्या होत्या.

काकूंनी बॅगेतून कागद काढला आणि तिथेच उभ्याने लिहायला घेतलं. मी, सरोजिनी आगाशे, वल्लरी मोहरीर हिची हमी घेते. खाली लफ्फेदार सही ठोकली आणि कागद नवऱ्यापुढे सरकवला. "तुम्ही दोन नंबरला करा. इथे."

काकांनी रुचिरकडे बघितलं. रुचिर आता वल्लरीशेजारी उभा होता आणि त्याची मान ठामपणे वल्लरीच्या बाजूने हलत होती. मागच्या रांगेतून कोणीतरी सिंगापुरी इंग्रजीत "फास्ट लाह, अंकल!" म्हणालं. काकांनी सही केली. आयुष्यात पहिल्यांदाच न वाचता.

अर्जाचा निकाल लागेपर्यंत राहायची वल्लरीला मुदत मिळाली, आणि तीन आठवड्यांनी पासही आला. पासपोर्टवर होतं तेच नाव त्यावर होतं. त्या संध्याकाळी काकूंनी दोघांना सेम्बावांगला जेवायला बोलावलं. त्या गुरुवारपासून काका बायकोला नावाने हाकच मारत नव्हते. मीनल म्हटलं की ओ मिळत नव्हती, आणि दुसरं नाव त्यांच्या तोंडात बसत नव्हतं. 'अगं'वर तीन आठवडे निभावले होते.

मुगाची खिचडी मात्र त्यांनी दोनदा मागून घेतली. "वा! आज एकदम मऊसूत झालीय. तांदूळ कुठला आणलास, अगं?"

"आणला नाही," काकू म्हणाल्या. "देवघराशेजारच्या डब्यातला होता."

काकांचा घास हातात राहिला. "म्हणजे सुखदा...?"

"संपली," वल्लरी म्हणाली आणि तूप वाढून घेतलं. "चवीला छान होती हो."

रुचिरला ठसका लागला. काकांनी हातातला घास खाऊन टाकला. मग त्यांनी घसा साफ केला, इकडेतिकडे बघितलं, आणि ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "सरोजिनी, पापड आहे का?"

"आहे," काकू म्हणाल्या. "कपाटात वरच्या फळीवर. येताना मलाही एक आणा."