साळवे सरांनी विमा कंपनीची परीक्षा घेतली

विमा एजंटाला स्वतःच्या कंपनीची पॉलिसी वाचता येत नाही, असं एडविन साळवे सरांचं ठाम मत होतं. तसं त्यांचं मत कंडक्टर, पोस्टमन आणि अधूनमधून फादर यांच्याबद्दलही होतं. पण निवृत्तीनंतर आरोग्य विमा घ्यायचं ठरलं आणि सगळा तिरस्कार एजंटांच्या वाट्याला आला.

"लोक कंपनी निवडतात," ते बायकोला म्हणाले. "मी तिची परीक्षा घेणार."

फिलोमिनाबाईंना परीक्षेचं काही पडलं नव्हतं. उठताबसता त्यांचे गुडघे गंजलेल्या बिजागरीसारखे करकरत होते. मुलगी दुबईला, आणि उद्या नगरला दवाखान्यात पडायची वेळ आली तर कोणाच्या तोंडाकडे बघायचं, हा घोर त्यांना लागला होता. कुठलीही घ्या पण घ्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

सरांची युक्ती अशी, की आपण आजारी असल्याचं सोंग करायचं आणि एजंट काय थापा मारतो ते बघायचं. पहिला एजंट पाथर्डीहून आला. त्याच्यासमोर सरांनी छाती धरली आणि आपलं हृदय निकामी झाल्याचं सांगितलं. तो म्हणाला, काळजी नको, आज सही करा, उद्या झटका आला तरी चालेल. नापास. दुसऱ्याला सरांनी दोन्ही किडन्या गेल्याचं सांगितलं. त्याने माहितीपत्रक मोठ्याने वाचायला घेतलं, तेही अडखळत. नापास. तिसरा अजिनाथ, सरांचाच जुना विद्यार्थी. साखरेमुळे पाय कापायचा ठरलाय, हे ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून तो हळूच म्हणाला, "सर, फॉर्मवर काहीच लिहायचं नाही. सगळीकडे 'नाही' करून टाकू."

सरांनी त्याला चहाही दिला नाही. शेवटी चौथ्याच एका कंपनीचा दोघांचा प्लॅन त्यांनी स्वतः मोबाईलवर भरला. स्वतःला आजार एकही नाही, हे अगदी खरं खरं लिहिलं, आणि आठवडाभर स्वतःच्या हुशारीवर खूश राहिले.

एक गोष्ट मात्र सरांच्या लक्षात आली नव्हती. आयुष्यभर शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवलेला माणूस ओट्यावर बसून गुपित बोलला, तरी ते एसटी स्टँडवर ऐकू जातं. शेजारच्या छबूबाई तर भिंतीपलीकडेच गहू निवडत होत्या. त्यांनी आधी हृदय ऐकलं, मग किडन्या, मग पाय. एवढं दुःख एकट्याने पोटात ठेवणं त्यांच्याने झालं नाही.

सरांकडे माणसांची रीघ लागली. कोणी शहाळं आणलं, कोणी सफरचंदं. रस्त्यात माणसं हात धरून रस्ता ओलांडून देऊ लागली. सरांना यात नवल वाटलं नाही. उशिरा का होईना, गावाला शिक्षकाची किंमत कळली, असा त्यांनी अर्थ काढला. चर्चमधल्या रविवारच्या मिस्सेत फादरांनी एडविन सरांच्या कठीण परीक्षेसाठी प्रार्थना केली, तेव्हा विम्याची बातमी चर्चपर्यंत गेली म्हणून ते सुखावले. मागच्या बाकावर बायका डोळे पुसत होत्या. त्या फादरांच्या वक्तृत्वाने भारावल्या असाव्यात, असं त्यांना वाटलं.

मग कंपनीचा माणूस चौकशीला आला. सर न्हाव्याकडे कटिंगला गेले होते, फिलोमिनाबाई दळणाला. त्याने छबूबाईंना विचारलं.

"काय सांगू साहेब," छबूबाई म्हणाल्या, "देवमाणूस हाय. पर आतून समदं गेलंय. हृदय न्हाई, किडन्या न्हाईत. पाय कापायचाय, तरी बघा, चालत कटिंगला गेल्यात."

आजार लपवल्याबद्दल सरांचा अर्ज फेटाळला गेला.

सर बायकोला घेऊन तडक नगरच्या शाखेत गेले. तिथल्या साहेबाने शांतपणे सगळा प्रकार सांगितला. तपासणी करून घ्या, काही निघालं नाही तर पुन्हा बघू, म्हणाला. आपल्या सोंगाची शोभा भर ऑफिसात ऐकून सर असे तापले, की साहेबापासून दारावरच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना त्यांनी प्रामाणिकपणावर व्याख्यान दिलं. त्याच तिरिमिरीत ते तपासणीला गेले. डॉक्टरांनी रक्तदाब घेतला. यंत्र बदलून पुन्हा घेतला. मग आडवं झोपवून घेतला. आकडा काही खाली यायला तयार नव्हता. हा आजचा नाही, जुना दिसतोय, असं डॉक्टर म्हणाले आणि कायमची गोळी लिहून दिली.

विमा फिलोमिनाबाईंना एकट्यांना मिळाला. त्यांच्या गुडघ्यांच्या खर्चाला तेवढं कंपनीने दोन वर्षं थांबायला सांगितलं.

एसटीतून उतरल्यावर फिलोमिनाबाई म्हणाल्या, आता तरी गावाला खरं काय ते सांगून टाका. सर हो म्हणाले. घराशी आले तर छबूबाई गरम पिठल्याचं पातेलं घेऊन दारात उभ्या.

"आता कसं वाटतंय सर?"

सरांनी घसा साफ केला. पिठल्याकडे पाहिलं. आणि जन्मात पहिल्यांदा इतक्या हळू आवाजात बोलले, की छबूबाईंना वाकून ऐकावं लागलं.

"अशक्तपणा आहे थोडा."