म्युरिएलबाई जिवंत असल्याचा पुरावा

डेझमंड प्रॉथरो हा साधासुधा माणूस नाही. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असल्यामुळे त्याबद्दल कुणाच्या मनात शंका राहत नाही. त्याच्या म्हणण्याप्रमाणे स्पेनच्या या अख्ख्या किनाऱ्यावर त्याच्यासारखी नजर दुसरी नाही. तो माणसाच्या बुटांवरून त्याचं गाव सांगतो, खोकल्यावरून धंदा सांगतो आणि गप्प बसण्यावरून गुन्हा सांगतो. समोरच्या माणसाने मात्र तोंड उघडता कामा नये, कारण त्याने तोंड उघडलं की गाव, धंदा आणि गुन्हा तिन्ही चुकलेले निघतात.

नोकरीत असताना डेझमंड इंग्लंडमधल्या लीड्सच्या बसगाड्यांमध्ये तिकीट तपासनीस होता. एकदा त्याने अर्ध्या तिकिटावर बसलेल्या एका मिशीवाल्या बालकाला पकडलं आणि त्या दिवसापासून तो स्वतःला गुप्तहेर समजू लागला. निवृत्त होऊन इकडे उन्हात राहायला आल्यावर तर त्याने दारावर पाटीच लावली. पाटी इंग्रजीत असल्यामुळे स्पॅनिश शेजारी बरीच वर्षं त्याला दातांचा डॉक्टर समजत होते.

त्याचा सहाय्यक सिरिल बॉटमली हा निवृत्त न्हावी. सिरिलने हयातभर माणसं पाठीमागून पाहिली होती, त्यामुळे कुणाच्या तोंडावर नाही म्हणायची सवयच त्याला लागली नव्हती. डेझमंडने सहाय्यक होशील का विचारलं, तेव्हा सिरिल कपाळाला हात लावून "बरं" म्हणाला. ते "बरं" तो अजून निस्तरत होता.

त्या आठवड्यात गावात जत्रा होती, भर दुपारी फटाक्यांच्या माळा लागत होत्या आणि डेझमंडच्या घरातल्या कपबशा आपोआप वाजत होत्या. अशा गोंधळात म्युरिएल क्रॅबट्री या दोन घरं पलीकडे राहणाऱ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"डेझमंड," त्या म्हणाल्या, "मी मेले आहे."

डेझमंडने त्यांच्या बुटांकडे पाहिलं. "कधीपासून?"

म्युरिएलबाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि सगळं सांगितलं. त्यांचे यजमान विल्फ दीड वर्षापूर्वी वारले. बाईंनी रीतसर पेन्शनच्या सरकारी खात्याला कळवलं. खात्याला आता जाग आली होती, आणि जाग आल्याबरोबर त्यांनी विल्फना जिवंत ठेवून म्युरिएलबाईंना मारलं होतं. त्यांचं पेन्शन थांबलं होतं. परवा विल्फच्या नावाने पत्र आलं होतं, पत्नीच्या निधनाबद्दल आम्हाला अतीव दुःख झालं म्हणून. फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणाला, बाई, मयत व्यक्तीशी आम्हाला बोलता येत नाही. तुम्ही ऑनलाइन खातं उघडा, तिथे ओळख पटवा आणि मग तक्रार करा.

एवढ्यावर भागलं असतं तर म्युरिएलबाई डेझमंडकडे आल्याही नसत्या. पण त्यांचा मुलगा रसेल, जो तिकडे इंग्लंडात हल शहरात राहतो, त्याने शनिवारच्या विमानाचं तिकीट पाठवून दिलं होतं. आई, तुला तिकडे एकटीला काही झेपत नाही, असं त्याचं म्हणणं. शुक्रवारपर्यंत खातं उघडून दाखवलंस तर राहा, नाहीतर गुपचूप इकडे ये. त्याने कपडे वाळवायच्या मशीनमागची खोली आईसाठी रिकामीही केली होती.

"मला नाही जायचं रे," म्युरिएलबाई म्हणाल्या. "माझं सगळं इथे आहे."

डेझमंड उभा राहिला. असं उभं राहण्याचा त्याने आरशासमोर सराव केला होता. "बाई, तुम्ही जिवंत आहात हे मी सिद्ध करीन," तो म्हणाला. "सिरिल, लिहून घे. प्रथमदर्शनी बाई जिवंत."

काम दिसायला सोपं होतं. फोनमधल्या सरकारी ॲपने आधी पासपोर्टच्या फोटोच्या पानाचा फोटो मागितला. तो दिला, ॲप खूश झालं. मग पासपोर्ट मिटून टेबलावर ठेवा आणि फोन त्याच्यावर टेकवा, म्हणजे आतली चिप वाचता येईल, असं ते म्हणालं. म्युरिएलबाईंनी पासपोर्ट ठेवला. त्यावर डेझमंडने स्वतः शिवलेलं फुलाफुलांचं आवरण पाहून त्याचा ऊर भरून आला. मागच्या उन्हाळ्यात बाजारात पाकीटमार वाढले, तेव्हा त्याने हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या बोलिंग क्लबातल्या सगळ्या इंग्रज मंडळींना अशी चोरप्रतिबंधक आवरणं शिवून वाटली होती. चोराच्या बापालाही आतलं काही वाचता येणार नाही, असं तो देताना सांगत असे.

फोन टेकवला. पडद्यावर एक गोल फिरला, फिरला आणि थांबला. ओळख पटवता आली नाही, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. फोन उलटा ठेवून पाहिला, आडवा ठेवून पाहिला, म्युरिएलबाईंनी त्याला हात जोडून पाहिले.

"उघड आहे," डेझमंड म्हणाला. "पासपोर्टमधल्या बाई गोऱ्यापान आहेत. समोरच्या बाई इथल्या उन्हाने भाजलेल्या वांग्यासारख्या झाल्या आहेत. यंत्र गोंधळलंय."

यंत्राने अजून चेहरा पाहिलेलाच नाही, असं सिरिलच्या ओठांवर आलं होतं. पण तोवर त्याला स्वयंपाकघरातून मैदा आणायला पिटाळलं होतं. डेझमंडने म्युरिएलबाईंच्या तोंडाला सढळ हाताने मैदा लावला, सिरिलने पासपोर्टातल्यासारखा भांग पाडून दिला, आणि तेवढ्यात बाहेर फटाक्यांची माळ लागल्यामुळे बाई दचकून शिंकल्या. मैद्याच्या ढगात तिघंही काही वेळ एकमेकांना दिसेनासे झाले. ढग खाली बसला तेव्हा फोनवर तेच वाक्य होतं.

डेझमंडची बायको एडना दारात उभी राहून हे पाहत होती. माझा केकचा मैदा कुणाच्या तोंडाला फासलात, एवढंच तिने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता झाडू आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी तपासाला भलतंच वळण लागलं. डेझमंडने बोलिंग क्लबात चौकशी केली, तर काय, क्लबातल्या कुणाचीच ओळख पटत नव्हती. खजिनदाराला वाहनाचा परवाना बदलून घेता येत नव्हता. चिटणीसबाईंना कराचं खातं उघडत नव्हतं. हिरवळीवर पांढऱ्या टोप्या घालून उभी असलेली ती सगळी सभ्य मंडळी आपल्या सरकारच्या दृष्टीने कुणीच नव्हती.

"टोळी," डेझमंड सिरिलच्या कानात म्हणाला. "इथल्या इंग्रजांची ओळख कुणीतरी पद्धतशीरपणे चोरतंय. असा एक माणूस शोध, ज्याची ओळख पटते. तोच चोर."

असा माणूस एकच निघाला, फर्गस टुलक. हा स्कॉटलंडचा. क्लबात तो कुणाकडून काही फुकट घेत नसे, कारण उद्या परत द्यावं लागेल अशी त्याला धास्ती. गावातल्या एवारिस्तोच्या बारमध्ये तो ऑलिव्ह चघळत बसला होता, तिथेच डेझमंडने त्याला गाठलं.

"तुमची ओळख पटली म्हणे."

"पटली की," फर्गस म्हणाला. "पहिल्या फटक्यात."

"हे तुम्ही उघडपणे कबूल करता?"

"का? तुझी नाही पटत?"

डेझमंडची पटत नव्हती. पण हा प्रश्न त्याने तपासाच्या हितासाठी बाजूला ठेवला आणि त्या वेळी आपण नक्की कुठे होता, असं दरडावून विचारलं. फर्गसने जरा आजूबाजूला पाहून सांगितलं की संडासात होतो, तिथे निवांत असतं.

झालं. चोर पकडायचा विचार मागे पडला आणि सगळं रहस्य फर्गसच्या संडासात आहे, असं डेझमंडच्या मनाने घेतलं. तिथल्या भिंतींची जाडी, लहरींचा कोन, पाण्याच्या टाकीचा प्रभाव यांवर तो वाटभर बोलत होता. म्युरिएलबाईंना फोन आणि पासपोर्टासकट आत बसवून दार लावलं. बाहेर डेझमंड सूचना देत होता, सिरिल छत्री उघडून धरून उभा होता, कारण छत्रीच्या काड्यांनी लहरी गोळा होतात असं ठरलं होतं, आणि आपल्या संडासात एवढी माणसं का जमली हे फर्गस येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगत होता. आतून म्युरिएलबाईंचा आवाज आला, की यापेक्षा मला मेलेलीच राहू द्या.

त्यामागोमाग खुदखुदल्यासारखा आवाज आला. सिरिलला वाटलं, हसताहेत. पण बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. मी सामान भरायला घेते, असं त्या म्हणाल्या. सिरिलने छत्री मिटली. त्याला इतकं वाईट वाटलं की आयुष्यात पहिल्यांदा त्याने डेझमंडला तोंडावर मूर्ख म्हटलं, पण बाहेरच्या फटाक्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

शुक्रवारी दुपारी डेझमंडने सगळ्यांना आपल्या बैठकीच्या खोलीत जमवलं. शेवटी संशयितांना गोळा करायचं असतं, हा त्याचा नियम होता. संशयित एकटा फर्गसच, म्हणून जागा भरायला म्युरिएलबाई आणि सिरिल. ऊन अडवायला खिडकीच्या झडपा लावलेल्या होत्या. टेबलावर मधोमध पासपोर्ट, त्यावर फोन. बाईंचा फोन दोन दिवसांच्या तपासात अगदी टेकीला आला होता, त्याची बॅटरी लाल दाखवत होती.

"मंडळी," डेझमंड येरझारा घालत म्हणाला, "गुन्हेगार याच खोलीत आहे."

तेवढ्यात एडना चहाचा ट्रे घेऊन आली. ट्रे ठेवायला तिने टेबलाकडे पाहिलं आणि ती तशीच थबकली.

"हे कापड," ती म्हणाली. "हे माझ्या पाहुण्यांच्या खोलीतल्या पडद्याचं कापड आहे."

"एडना, आत्ता नको."

"वर्षभर मी धोबिणीवर संशय घेतला, डेझमंड. तिच्याशी बोलणं सोडलं मी." तिने ट्रे सिरिलच्या हातात कोंबला, पासपोर्ट उचलला आणि कोलंबीचं साल सोलावं तसं ते आवरण सोलून काढलं. आतून चंदेरी कागदाचं जाड अस्तर निघालं. "आणि हा माझा ओव्हनचा कागद. नाताळात टर्की झाकायला मिळत नव्हता तो."

तिने नागडा पासपोर्ट फोनखाली आपटला आणि आवरण घेऊन नवऱ्याकडे वळली. ती आता बरंच काही बोलणार होती. पण मागे टिंग असा आवाज झाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. चिप वाचून झाली, आता चेहरा दाखवा, असं पडद्यावर आलं होतं.

फर्गसने हळूच खिशातून आपला उघडाबोडका पासपोर्ट काढून पाहिला आणि परत ठेवला.

"चोराच्या बापालाही वाचता येणार नाही," सिरिल शेवटी म्हणाला, "आणि सरकारलाही."

डेझमंड खाली बसला. मी म्हटलंच होतं, तो पुटपुटला, गुन्हेगार याच खोलीत आहे म्हणून. यावर एडनालासुद्धा हसू फुटलं आणि मग कुणालाच आवरेना. मोठीच पंचाईत झाली, कारण ॲपला गंभीर चेहरा हवा होता आणि म्युरिएलबाई हसून हसून लाल झाल्या होत्या. सिरिलने ट्रे खाली ठेवला आणि त्यांच्या मागे उभं राहून न्हावी धरतो तसं त्यांचं डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरलं. पडद्यावर रंगीत दिवे लागले, विझले. तुमची ओळख पटली आहे, म्युरिएल. एवढं सांगून फोनने मान टाकली.

आता रसेलला कळवायचं राहिलं. तो फोन डेझमंडच्या मोबाइलवरून लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून त्याने आवाज मोठा केला. पण रसेल बँकेत नोकरीला, गिऱ्हाइकांना भामट्यांपासून वाचवायच्या विभागात. परदेशातल्या अनोळखी नंबरावरून मी तुझी आई बोलतेय म्हणणाऱ्या बायकांपासून लोकांना सावध करणं, हेच त्याचं काम.

"तुम्ही माझी आई कशावरून?" त्याने कोरडेपणाने विचारलं.

"तू चार वर्षांचा असताना कानात वाटाणा घातला होतास," म्युरिएलबाई म्हणाल्या, "आणि तो निघाला तेव्हा त्याला मोड आला होता."

"हां आई, बोल."

बाईंनी सांगितलं, खातं उघडलं, ओळख पटली, तक्रारही करते आजच. रसेल बरं म्हणाला, पण त्याचं गाडं तिथून पुढे सरकेना. खातं उघडलं ते ठीक, पण उद्या काय? तिकडे तुझं असं कोण आहे? रात्री-अपरात्री काही झालं तर तुला काय हवं-नको ते कुणाला कळणार? तिकीट काढलेलं आहे, तू आपली ये.

म्युरिएलबाई ऐकत होत्या. त्यांच्यापुढे एडनाने चहाचा कप सरकवून ठेवला होता.

"रसेल, थांब," त्या म्हणाल्या. "माझी ओळख सरकारने पाहिली, तूही पाहिलीस. आता तू माझा मुलगा कशावरून? सांग, मी चहात साखर किती घेते?"

"दोन चमचे. आई, हे काय मध्येच?"

खोलीतल्या चार माना एकदम नाही म्हणून हलल्या. फर्गसची हलली. बुटांवरून गाव ओळखण्यात जन्म घालवलेल्या आणि एकही गाव बरोबर न सांगितलेल्या डेझमंडचीसुद्धा हलली.

"साखर तुझे बाबा घालून द्यायचे," म्युरिएलबाई म्हणाल्या. "ते गेल्यापासून मी बिनसाखरेचा घेते. इथे सगळ्यांना ठाऊक आहे."

डेझमंडने तोंड उघडलं, पण सिरिलने त्याच्या पायावर पाय ठेवला.

"मला कसं कळणार होतं, आई," रसेल हळूच म्हणाला.

"नाहीच कळणार, बाळा. फोनवर नाही कळत हे. म्हणून म्हणते, मी येत नाही. तू ये. आठवडाभर राहा माझ्याकडे."

बाहेर पुन्हा माळ लागली आणि कपबशा वाजल्या. ती संपेपर्यंत दोघंही थांबले. मग रसेलने विचारलं, तिकडे आता थंडी असते का गं. म्युरिएलबाईंनी कप बाजूला सरकवला, खुर्ची फोनच्या जवळ ओढली आणि कोणते कपडे आणायचे, कोणते नाही, ते त्याला एकेक करून सांगायला लागल्या.