फितीआडचा अर्क

घनसावंगीच्या एका महाविद्यालयात प्रयोगशाळेसाठी मायक्रोवेव्ह आला आणि रिवाजाप्रमाणे ताबडतोब बंद ठेवण्यात आला. उद्घाटन व्हायचं होतं ना. त्याच्या दाराला आडवी गुलाबी फीत बांधली. दार उघडायचं तर फीत तुटणार, आणि फीत तोडायला पाहुणा लागणार, अशी पक्की वैज्ञानिक रचना.

अडचण एकट्या सुमेधाची होती. मोसंबीच्या सालीतली औषधी द्रव्यं मायक्रोवेव्हच्या उष्णतेनं काही मिनिटांत अर्कात उतरतात, हे तिला सिद्ध करायचं होतं. हंगाम संपेपर्यंत निष्कर्ष दिले नाहीत, तर पीएचडीची नोंदणी रद्द.

"सर, फीत जराशी वर सरकवून दार उघडू का?" तिनं मार्गदर्शक मच्छिंद्र सरांना विचारलं.

"येडी झालीस का? लग्नाआधी पोरगी नांदायला धाडतेत का कुठं?"

संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब येणार होते. पण कधी त्यांना बारसं निघालं, कधी दहावा. सालींना बुरशी आली. सुमेधानं नव्या आणल्या, त्यांनाही आली. दसऱ्याला यंत्राला हार घातला, हळदकुंकू वाहिलं. संस्थेला अहवाल गेला: यंत्र सुस्थितीत. वापर शून्य. आदर भरपूर.

बाजारातली मोसंबी संपत आली, तेव्हा भाऊसाहेब आले. सुमेधा सालींचं काचेचं भांडं घेऊन उभीच होती. फीत कापली, टाळ्या झाल्या.

"ह्याच्यात होतं काय?"

"साहेब, उष्णतेनं वनस्पतीतला अर्क निघतो," सुमेधा म्हणाली.

"असं? मंग आधी माझा चहा ठेवा बरं. थंडा होऊन राह्यला."

"साहेब, आत स्टीलचा गिलास न्हाई चालत..."

"पोरी, चहा संस्थेचा, गिलास संस्थेचा, मशीन संस्थेची. न्हाई कसा चालत?"

सरांनी आदरानं बटण दाबलं. आत ठिणग्या उडाल्या. ही आतषबाजी मुद्दाम ठेवलीय असं समजून लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या. धूर निघाला, यंत्र कायमचं थांबलं. भाऊसाहेबांनी रुमालानं गिलास काढला, घोट घेतला आणि म्हणाले, "कडक!"

सुमेधाचे डोळे भरून आले.

"रडू नको," सर कुजबुजले. "चहा बी वनस्पतीच हाय. अर्क बी निघाला. विषय बदलून टाक."

"त्याला समितीची मंजुरी लागती, सर."

"समितीवर भाऊसाहेबच हायेत. अन् त्यांनी तर निष्कर्ष पिलाय!"

सुमेधाला डॉक्टरेट मिळाली. नमुना: एक गिलास. निष्कर्ष: कडक.

त्या आनंदात तिनं घरी स्वतःचा मायक्रोवेव्ह घेतला. आईनं, कौसल्याबाईंनी, लगेच त्यावर विणलेला रुमाल टाकला. "पाव्हणे आले की काढू." डॉ. सुमेधानं मान डोलावली.

हसलात? बरं झालं. आता उठा, पाहुण्यांसाठी जपून ठेवलेल्या त्या कपबश्या काढा आणि त्यातून स्वतः चहा पिऊन दाखवा.