ढब्बूशेठचा ढेकर

एका जंगलात, बाळांनो, ढेकर दिला की वाटा द्यावा लागे.

हसू नका. पद्धत शहाण्यांनी घातली होती. भुकेल्याकडून काही मागायचं नाही, असं त्या जंगलाचं ठरलेलं. मग पोट भरलं हे कळणार कसं? ढेकरावरून. म्हणून संध्याकाळी अस्वलआबा टोपली घेऊन फिरत. ज्याचा ढेकर ऐकू येई, त्याच्या खाण्यातला थोडा भाग टोपलीत पडे. सशाचं गवत, खारीची बोरं, टिटवीचे किडे. त्या टोपलीवर रानडुकरं जेवत आणि जेवून तळ्याचा बांध लिंपत. पावसाआधी बांध लिंपला नाही, तर तळं फुटे.

जंगलात सगळ्यांत जास्त खाई तो हत्ती, ढब्बूशेठ. फणसाची अख्खी राई त्याची. पण त्याचा ढेकर कधी कुणी ऐकला नव्हता.

कारण त्याच्या पाठीवर बगळेसाहेब बसत. ते सल्लागार होते. शेठच्या पायांनी उडणारे किडे, हा त्यांचा पगार.

"शेठ," ते म्हणाले होते, "खाल्लं कुठे, हे नियमात नाही. ढेकर कुठे आला, एवढंच आहे. नदीत एक बेट आहे. तिथलं कासव ढेकरामागे एक पान घेतं."

"एकच?"

"तेही वाळलेलं चालतं."

तेव्हापासून ढब्बूशेठ दिवसभर इथे खाई, तोंड घट्ट मिटून बांधावरून चाले, नदीत उतरे आणि बेटावर जाऊन मोकळा होई.

टोपली हलकी झाली. रानडुकरं अर्धपोटी राहू लागली. बांधाला चीर पडली. आणि बांधाखालच्या खडीत टिटवीने अंडी घातली होती. अंडी काही उचलून नेता येत नाहीत. आभाळ तर भरत चाललं होतं.

टिटवी हत्तीकडे गेली. "ढब्बूदादा, तुमचा वाटा आला तर बांध होईल हो. माझी अंडी आहेत खाली."

"ताई, मी काय चोरी करतो? सगळं नियमाने आहे."

"जेवता इथे आणि पोट भरतं बेटावर?"

"पोट ज्याचं त्याचं," बगळेसाहेब वरून म्हणाले. "आणि शेठच्या शेणावर किती शेणकिडे पोसतात, ठाऊक आहे? शेठ रुसून दुसऱ्या जंगलात गेले तर?"

"आमचं कसं व्हायचं!" शेणकिडे खालून ओरडले.

टिटवी अस्वलआबांकडे गेली.

"ऐकू आलं तरच घेतो गं," आबा ओशाळून म्हणाले. "तोवर टोपली भरायला उचकीवरही वाटा लावावा म्हणतो."

शेजारी बसलेल्या सशाला लगेच उचकी लागली.

त्याच संध्याकाळी ढब्बूशेठ फणस खाऊन निघाला. बांध भेगाळलेला, म्हणून तो खालच्या खडीतून चालू लागला. पाय अंड्यांच्या दिशेने पडत होते. टिटवीने नियम पाहिला नाही, सल्ला घेतला नाही. ती थेट त्याच्या सोंडेवर झेपावली.

"टिटिव! टिटिव! टिटिव!"

"अगं बाई, जरा थांब ना..." असं म्हणायला ढब्बूशेठने तोंड उघडलं.

तेवढंच पुरलं.

पलीकडच्या डोंगरावरची माकडं खाली उतरली. त्यांना वाटलं, वीज पडली. बगळेसाहेब उडाले ते चिखलात.

"हा ढेकर नव्हे," चिखलातून आवाज आला. "ही जांभई आहे."

अस्वलआबांनी नाक वर करून हुंगलं. "जांभईला फणसाचा वास?"

सल्लागारांनी चोच चिखलात खुपसली. शेणकिडेसुद्धा हसले.

ढब्बूशेठचा वाटा टोपलीत मावेना. ओढत न्यावा लागला. रानडुकरं पोटभर जेवली, बांध लिंपला गेला, आणि पाऊस कोसळला तेव्हा तळ्याचं पाणी खालच्या खडीत आलं नाही. अंड्यांतून ठिपक्याठिपक्यांची पिलं बाहेर आली.

मग जंगलात सभा भरली. बांधाला 'दानवीर ढब्बूशेठ बांध' असं नाव द्यायचं ठरलं. हारासाठी सशाने गवत दिलं, खारीने बोरं दिली. टिटवीनेही दोन फुलं आणून दिली. बगळेसाहेबांनी भाषण केलं, "शेठनी मन मोठं केलं!" शेठने डोळे पुसले आणि हार तिथल्या तिथे खाल्ला.

एक पिलू बांधावरच्या नव्या पाटीकडे बघत म्हणालं, "आई, हे काय लिहिलंय?"

"बांध हत्तीने दिला, असं लिहिलंय."

"आणि तू काय दिलंस?"

"मी दरवर्षी किडे देते. त्याची पाटी नसते, बाळा. चल, पाणी पिऊन घे. तळं भरलंय."

तात्पर्य: दररोज मुकाट्याने वाटा देणाऱ्याला कुणी हार घालत नाही. म्हणून बाळांनो, मोठे व्हा, भरपूर खा आणि वर्षानुवर्षं वाटा चुकवा. मग पकडले गेलात की एकदाच द्या. त्यालाच दान म्हणतात.