झिपरे कुटुंबाची परवडणारी वाइन

एका जंगलात, म्हणजे अजून रिसॉर्ट न झालेल्या एका जंगलात, केशव झिपरे नावाचं एक अस्वल राहत असे.

बालमित्रांनो, आजची गोष्ट वाइनची आहे. लगेच कान टवकारू नका. वाइन मोठ्यांसाठी असते. मोठे ती का पितात हे मोठ्यांनाही नीट माहीत नसतं. पण ते विचारायचं नाही, विचारलं की ते चिडतात.

तर केशवच्या गुहेत तिघं राहत. केशव, त्याची बायको मधुमालती आणि म्हातारी चिंगूआत्या. चिंगूआत्या म्हणजे केशवच्या वडिलांची बहीण. तिचे दात पडले होते, पण जीभ शाबूत होती. कमरेला एक बटवा असे आणि बटव्यात पोटासाठी काडेचिराईत. काडेचिराईत म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नसेल तर तुमचं बालपण सुखाचं चाललंय असं समजा. त्याच्या एका काडीने तोंड दोन दिवस कडू राहतं.

ओढ्यापलीकडे केशवचा थोरला भाऊ जटाधर राहत असे, आपल्या बायकोसह.

वर्षातून एकदा, चैत्रातल्या मधपुनवेला, सगळे झिपरे भर दुपारी उंबराखाली एका पंगतीला बसत. वाळवीची उसळ असे. उंबरांचं भरीत असे. पोळ्यासकट मध असे. आणि मोहाची असे. मोहाची चिंगूआत्याच करायची. ती झाडाच्या ढोलीत फुलं भिजत घालायची, रोज सकाळी बोट बुडवून चाटायची आणि एका सकाळी म्हणायची, "झाली." आत्या झाली म्हणाली की झाली. त्याआधी ढोलीकडे कुणी फिरकायचं नाही.

आत्याच्या हातची मोहाची उत्तम व्हायची. अडचण तीच होती.

उत्तम असल्यामुळे तिच्याबद्दल बोलण्यासारखं काही नसे. पहिल्या करवंटीला सगळे गप्प बसून पीत. दुसरीला गोडगोड बोलत. तिसरीला जटाधर म्हणे, "केशव, ते वारुळाचं काय झालं?"

हे वारूळ म्हणजे वडिलांचं, ओढ्याकाठचं. वडील वाटणी न करताच गेले. थोरला म्हणे माझं, धाकटा म्हणे माझं. या भांडणात अकरा वर्षं त्या वारुळाला कुणाचा पंजा लागला नव्हता. वाळवीने तेवढ्यात वर दोन मजले चढवले होते.

मागच्या मधपुनवेला तर जटाधर अर्ध्या पानावरून उठला. "पुन्हा तुझ्या पंगतीला बसलो तर नावाचा झिपरे नाही," असं म्हणून तो ओढा ओलांडून गेला. त्याची बायको मागोमाग गेली, पण जाताना भरीत पानात बांधून घेऊन गेली. ती समजूतदार होती.

यंदा फुलं पडायला लागली तरी आत्या ढोलीकडे गेली नाही.

"आत्या, मोहाची नाही घालायची?" केशवने विचारलं.

"नाही घालणार," आत्या म्हणाली. "माझ्या हातची पिऊन तुम्ही एकमेकांच्या अंगावर धावता. मला ते सोसत नाही रे. तुम्हा दोघांना एकदा पंगत संपेपर्यंत बसलेलं बघायचंय. पार हात धुवेपर्यंत. मग मी जायला मोकळी."

आत्याने केशवला लहानाचा मोठा केला होता. तिने आजवर काही मागितलं नव्हतं, आणि आता मागितलं तर हे. त्यापेक्षा वाघाची मिशी मागितली असती तर सोपं गेलं असतं.

मधुमालतीने मार्ग काढला. "अहो, आपण वाइन आणू या. चांगल्या घरांत वाइनच असते. ती म्हणे घोट घोट पितात. एवढ्याशा घोटावर कुणाचा आवाज चढतच नाही."

"परवडेल का?"

"परवडणारीपण मिळते. भेकरीण सांगत होती."

भेकरीण फॉरेस्टच्या बंगल्यामागे चरायची, त्यामुळे तिला सगळं माहीत असायचं.

जंगलात वाइनचं दुकान एकच. ते उदमांजरसाहेबांचं. त्यांच्या घराण्याने पूर्वी कॉफीच्या धंद्यात नाव काढलं होतं. कसं काढलं ते तुम्हाला मोठेपणी कळेल, आणि कळल्यावर तुम्ही कॉफी पिणार नाही. उदमांजरसाहेब आता चवतज्ज्ञ झाले होते. आधी वास घ्यायचे, मग डोळे मिटायचे, मग भाव सांगायचे.

दुकानात वाळक्या भोपळ्यांत वाइन भरून ठेवली होती. वरच्या फांदीवरचे भोपळे वाघसाहेबांसाठी होते. वाघसाहेब पीत नसत. आल्यागेल्याला नुसते दाखवत.

"आमच्याकडे मधाचं एकच पोळं आहे," केशव म्हणाला. "आणि घरात थोडी भांडणं आहेत."

"मग खालच्या फांदीवरचं बघू या," उदमांजरसाहेब म्हणाले. "जेवायला काय आहे?"

"वाळवीची उसळ."

उदमांजरसाहेबांनी डोळे मिटले. "उडती वाळवी की बिनपंखांची?"

"बिनपंखांची."

"मग लालच. उडतीबरोबर पांढरी शोभते."

मधुमालतीने केशवकडे असं पाहिलं, की बघा, वेळेवर आलो म्हणून, नाहीतर आपली शोभा झाली असती.

साहेबांनी सहा भोपळे मांडले आणि शेजारी एक रिकामं मडकं ठेवलं. "एकेक घोट घ्या. तोंडात खेळवा. चव ओळखा. आणि या मडक्यात थुंका."

दोघंही चपापली. झिपऱ्यांच्या घरात उसळीतली एक वाळवी पानाबाहेर पडली तरी ती उचलून, फुंकून खातात. तिथे तोंडात गेलेलं बाहेर टाकायचं? परक्याच्या दुकानात?

"चांगल्या घरांत थुंकतात," उदमांजरसाहेब म्हणाले.

"थुंकत असतील," मधुमालती म्हणाली, "त्यांच्याकडे जास्त असेल." आणि तिने गिळलं. केशवनेही गिळलं.

पहिली आंबट होती. दुसरीही आंबट होती. साहेब म्हणाले, "हिच्यात सुरुवातीला जांभूळ आहे, मध्ये ओलं लाकूड आणि शेवटी पहाटेची पालवी." केशवने लाकूड शोधलं. सापडलं नाही. त्याला स्वतःची लाज वाटली. तीन हातांवरून जमिनीखालची वाळवी हुंगणारं त्याचं नाक, आणि त्याला भोपळ्यातलं लाकूड लागू नये?

तिसरी कमी आंबट वाटली. चौथीला मधुमालती उगाच हसली. पाचवीला केशव ओरडला, "लागलं! लाकूड लागलं!" आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी त्याच्या पाठीवर पंजा ठेवला.

सहावी अमृतासारखी लागली. सहावी कुठलीही असती तरी तशीच लागली असती. साहेबांना हे ठाऊक होतं. म्हणून न खपणारा माल ते नेहमी सहावा मांडत.

एका पोळ्यात सहाव्या वाइनचे तीन भोपळे आले. दोघं नवरा-बायको एकमेकांना धरून घरी गेली.

मधपुनवेच्या दिवशी आत्या स्वतः ओढा ओलांडून जटाधरकडे गेली. तिने पाय भिजवलेले बघून जटाधरला नाही म्हणता येईना. तो आला, पण केशवकडे पाठ करून बसला. त्याची बायको, म्हणजे केशवची वहिनी, मात्र सरळ बसली.

वाढायच्या आधी केशवने आडोशाला जाऊन भोपळ्यातला एक घोट घेतला. आणि त्याचे कान आपोआप मागे गेले.

"मधू," तो कुजबुजला, "ही ती नाही."

मधुमालतीनेही घोट घेतला. तिने तोंड पुसलं. मग म्हणाली, "अहो, तीच आहे. आपण ते नाही."

आता दुसरं काही आणायला वेळ नव्हता. पानं मांडली होती. मला इथे केशवची फार दया येते. त्याला एवढंच हवं होतं, की भाऊ हात धुवेपर्यंत बसावा. आणि त्याच्या हातात काय होतं, तर हे.

त्याने करवंट्या भरल्या. सगळ्यांनी घोट घेतला. जटाधरची पाठ ताठ झाली. मग तो हळूहळू वळला. वर्षभरात पहिल्यांदाच त्याने भावाच्या तोंडाकडे पाहिलं.

"केशव, हे काय आहे?"

केशवची बोबडी वळली. "दादा, यात... सुरुवातीला जांभूळ आहे. मध्ये ओलं लाकूड आहे."

"आणि शेवटी? शेवटी कोण मेलंय यात?"

वहिनीला हसू फुटलं. "अगंबाई, मला वाटलं माझंच तोंड बिघडलं! मागे आमच्या डबक्यात रानम्हैस महिनाभर बसली होती ना, तिथलं पाणी अस्संच लागायचं."

"पण ते फुकट होतं," मधुमालती म्हणाली. "याला मी अख्खं पोळं मोजलंय!"

"पोळं दिलंस?" जटाधर हबकला. "आमचं डबकं सांगायचं होतंस, मी भोपळे भरून पाठवले असते!"

मग कुणी थांबेना. जटाधर म्हणाला, हे कुजलेल्या पाचोळ्याचं आहे. केशव म्हणाला, नाही दादा, माकडाच्या शेपटीचं. खात्री करायला दोघांनी आणखी एकेक करवंटी घेतली. आत्या डोळे पुसत म्हणाली, "तुमच्या बापाने एकदा मोहात कच्ची चिंच घातली होती, आठवतं?" दोघांना आठवलं. जटाधरने बापाची नक्कल केली, चिंच घातलेली पिऊन बाप कसा झाडावर चढला आणि उतरायचं विसरला त्याची. केशव हसता हसता आडवा झाला आणि त्याचं डोकं थोरल्या भावाच्या मांडीवर गेलं. ते तिथेच राहिलं.

वारुळाचं नाव निघालं नाही. तिन्ही भोपळे संपले. उन्हं कलल्यावर दोघा भावांनी ओढ्यात शेजारी शेजारी बसून हात धुतले. आत्या काठावर बसून ते बघत होती. केशवने घाबरत घाबरत तिला विचारलं, "आत्या, आता तू..."

"एवढ्यात नाही," आत्या म्हणाली. "पुढच्या वर्षी कसली आणता ते बघून जाईन."

ही बातमी जंगलात पसरली. घर जोडणारी वाइन म्हणून जो तो तीच मागू लागला. रानडुकरांच्या घरात नऊ जावा होत्या, त्यांनी एकदम वीस भोपळे नेले. उदमांजरसाहेबांचा धंदा तेजीत आला.

पण कुणीतरी त्यांना सांगितलं, की साहेब, लोक तुमच्या वाइनला हसतात. साहेबांना ते फार लागलं. शेवटी कलावंतच ते. त्यांनी रागारागाने वर्षभर मेहनत केली आणि वाइन सुधारली. भाव तोच ठेवला. भोपळाही तोच ठेवला.

पुढच्या मधपुनवेला केशवने न चाखता तीच वाइन आणली. जटाधर यंदा बोलावण्याची वाट न बघता आला होता. येतानाच विचारत होता, "तीच आहे ना रे?" तो वर्षभर नवी नावं जमवत होता.

करवंट्या भरल्या. सगळ्यांनी घोट घेतला.

"बरी आहे," जटाधर म्हणाला.

"छान आहे," वहिनी म्हणाली.

आणि सगळे गप्प झाले. दुसऱ्या करवंटीला सगळे गोडगोड बोलले. वहिनीने उसळीचं कौतुक केलं. मधुमालतीने तिच्या केसांचं कौतुक केलं. तिसरी करवंटी भरली. जटाधरने ती तोंडाला लावली, खाली ठेवली आणि ओढ्याकाठाकडे पाहिलं.

"केशव," तो म्हणाला, "ते वारुळाचं..."

चिंगूआत्या उठली. तिने कमरेचा बटवा सोडला आणि त्यातलं सगळं काडेचिराईत भोपळ्यात रिकामं केलं. नखाने ढवळलं. बोट बुडवलं, चाटलं. तिचं तोंड असं वाकडं झालं की दोन्ही डोळे दिसेनासे झाले.

"झाली," आत्या म्हणाली.

मग तिने पहिली करवंटी जटाधरला भरून दिली.

जटाधरने घोट घेतला. त्याची मान थरथरली. कान मागे गेले. त्याने भावाचा दंड गच्च धरला.

"केशव! अरे, यंदा कोण मेलंय यात?"

केशव त्याच्याजवळ सरकून बसला. पंगत हात धुवेपर्यंत टिकली, आणि आत्याचं जाणं आणखी एक वर्ष लांबलं.

तात्पर्य: बाळांनो, सणाला घरी वाइन आणाल तेव्हा ती खिशाला परवडणारी असावी आणि जिभेला न परवडणारी असावी. चांगली वाइन असली की नावं ठेवायला घरात फक्त नातेवाईक उरतात. ज्यांच्याकडे पीत नाहीत, त्यांनी बासुंदी करपवावी.