वीरण्णांचा न आलेला भूकंप

लग्नात शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं, की सगळे मुठीत अक्षता धरून नवरानवरीकडं बघतात. आमचे वीरण्णा मांडवाच्या मागच्या कनातीकडं बघत असत. संतपूरला माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं. ऐन 'सावधान'च्या वेळी त्यांनी माझ्या काकांचा दंड धरला आणि कानाशी लागून विचारलं, "अप्पा, समजा, आत्ता मांडव पेटला. एवढी माणसं जायची कुठून?"

काकांच्या मुठीतल्या अक्षता तिथंच गळाल्या. 'शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली' ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते. तो नाऱ्या आता जिवंत माझ्या शेजारी उभा होता, आणि तो माझा साहेब होता! मागची कनात सोडवून घेतल्याशिवाय अण्णा जेवायला बसले नाहीत. वारा मात्र छान आला, आणि पंगतीतल्या बायकांनी त्यांना दुवा दिला.

मी नर्स. किल्लारीकडं भूकंप झाल्यानंतर काही वर्षांनी हुमनाबादच्या एका संस्थेत लागले. संस्थेला परदेशातून ग्रँट मिळाली होती. संकट यायच्या आधीच गावांना तयार करायचं, हे आमचं काम. रक्त कसं थांबवायचं, मोडलेला पाय कसा बांधायचा, माणूस कसा उचलायचा, दवाखान्याला आधी निरोप कसा धाडायचा. तरणी पोरं पुण्या-हैदराबादला कामाला गेलेली, म्हणून शिकायला येत बायका आणि म्हातारे. या सगळ्या कारभाराचे व्यवस्थापक वीरण्णा. गळ्यात इष्टलिंग आणि त्याला खेटून पत्र्याची शिट्टी. दोन्ही ते आंघोळीलासुद्धा काढत नसत, असं त्यांच्या वहिनी सांगत.

त्याआधी त्यांचं कापडाचं दुकान होतं. चांगलं चालतं दुकान भावाच्या हवाली करून ते यात पडले. बाजारातले लोक हसायचे. "अण्णा, तुमचा भूकंप कवा यायलाय? आमी गच्चीवर गहू वाळू घालावं म्हनतो."

"यायच्या आदी कळवतो," अण्णा गंभीरपणे सांगत, आणि पुढं निघत.

त्यांचं प्रत्येक वाक्य 'समजा'नं सुरू व्हायचं. जीप पुलावर आली, की "समजा, हा पूल गेला." ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. हॉटेलात भजी खाताना, "समजा, ही कढई उलटली." एकदा बसवकल्याणच्या रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यानं वैतागून कढई भिंतीकडं सरकवली, तेव्हा अण्णांनी खुशीत आणखी दोन प्लेट भजी मागवली. त्यांच्याबरोबर जेवायला बसणं हे एक दिव्य होतं. पण सांगते, आम्ही त्यांच्यामुळं कायम चेकाळलेले असायचो. रोज सकाळी हा माणूस असा यायचा, जणू आज नक्की काहीतरी होणार आणि आपण ते हाणून पाडणार!

आमची सगळ्यात मोठी अडचण अशी, की संकट येतच नव्हतं. ग्रँट देणारे दर वर्षी विचारायचे, तुमच्या कामाचा उपयोग काय झाला? आता न आलेल्या भूकंपात किती माणसं वाचली, हे कसं सांगायचं? एकदा मंठाळजवळ उसाची ट्रॉली उलटली. तिथल्या आमच्या बायकांनी जखमींना पट्ट्या बांधल्या, हातपाय सरळ ठेवून गाडीत घातलं, दवाखान्याला फोन केला. अण्णा धापा टाकत पोचले तेव्हा सगळे जिवंत होते. अण्णांनी तिथल्या तिथं गूळ आणवून सगळ्यांना वाटला. ज्याचा पाय मोडला होता, त्याला स्वतःच्या हातानं भरवला.

परदेशी स्ट्रेचरचीही एक गोष्ट आहे. प्रत्येक गावाला एक दिलं होतं. दुबलगुंडीला आम्ही अचानक गेलो, तर गंगाक्काच्या अंगणात स्ट्रेचरवर कुरडया वाळत होत्या. गंगाक्का म्हणजे तिथल्या आमच्या पथकाची पुढारीण. घरात पूर्वी मेंढरं, आता थोडी शेती. तिचा आवाज असा, की अण्णांची शिट्टी लाजावी. मी तिच्यावर भडकले. अण्णा मात्र स्ट्रेचरभोवती फिरून खूश झाले.

"ओरडायलाव कामून, सिस्टर? वापरात हाय म्हंजे सापडंल. कुलपात ठिवलेलं वक्ताला कामाला येतंय व्हय?"

"बगा की!" गंगाक्का मला म्हणाली आणि कुरडया उलटायला लागली.

तर त्याच दुबलगुंडीला दिल्लीहून मॅडम येणार, असं ठरलं. ग्रँट पुढं चालू ठेवायची की आमची जीप, आमची केंद्रं, सगळं गुंडाळायचं, ते त्या बघून ठरवणार होत्या. शाळेच्या मैदानावर रंगीत तालीम करायची होती. अण्णा आठवडाभर नुसते उडत होते. कोणाचं डोकं फुटणार, कोणाचा हात मोडणार, हे त्यांनी घरोघर जाऊन ठरवलं. लोक भांडले. "मागल्या टायमाला बी मला हातच दिला. औंदा डोस्कं द्या!"

इथं फितींचं सांगायला हवं. जखमी पुष्कळ आणि हात थोडे असले, की प्रत्येकाला रंगीत फीत बांधायची. लाल म्हणजे याला आधी उचला. पिवळी म्हणजे हा थोडा थांबेल. हिरवी म्हणजे हा आपल्या पायानं चालेल. आणि काळी म्हणजे हा गेला, याच्यापाशी थांबू नका, पुढं पळा. पहिले तीन रंग अण्णा हातवारे करून, नाचून शिकवत. काळ्याला एका वाक्यात उरकत. काळ्या फितीचं रीळ पेटीच्या तळाशी, कागदसुद्धा न काढलेलं.

मॅडम आल्या. पांढरे केस, पायात बूट, डोळे सगळीकडं. त्यांनी पेटी बघितली आणि हिंदीत विचारलं, चौथा रंग कुठंय?

"राहू दे मॅडम," अण्णा हसून म्हणाले. "आज कुणी मरत न्हाई."

"नियम तो नियम है," मॅडमही हसल्या. गंगाक्कानं रीळ काढून कागद फाडला.

ती बांधायला गंगाक्का जवळ पडलेल्या एका म्हाताऱ्याकडं वळली, तर तो रीळ बघून उठूनच बसला. "माज्या नातवाचं लगीन हाय. मी मरत न्हाई," म्हणाला आणि चपला घालून घरी गेला. गंगाक्का रीळ हातात घेऊन उभी राहिली. तेवढ्यात एक बाई पुढं आली.

"अक्का, जरा तुकडा दे गं. लेकराला सारकी नजर लागायलीय."

काळी फीत, तीही परदेशी, तीही झगझगीत! गंगाक्कानं फाडून दिली. मग दुसरी आली, मग तिसरी. अण्णा तिकडं पथकांना ओळीत उभं करत होते, मी मॅडमना लाल रंग लावून 'फोडलेली' डोकी दाखवत होते. इकडं मैदानावर जखमी होऊन पडलेल्या एकूणएक पोराच्या पायात आईनं काळी फीत बांधली.

शिट्टी वाजली. पथकं सुटली. काय सांगू, अशी तालीम आम्ही कधी केली नव्हती! बायका पदर खोचून पळत होत्या, घोंगडी आणि काठ्यांचं स्ट्रेचर पापणी लवायच्या आत तयार होत होतं, लाल फितीचे बाप्ये उचलले जात होते. आणि शिकवल्याप्रमाणे काळ्या फितीपाशी कोणी थांबत नव्हतं. आया स्वतःच्याच लेकरांना ओलांडून पुढं पळत होत्या. मैदान रिकामं झालं. मधोमध फक्त पोरं उरली, डोळे गच्च मिटून, शहाण्यासारखी निपचित पडलेली.

"मॅनेजर साहब," मॅडम म्हणाल्या, "एक भी बच्चा नहीं बचा?"

काय झालं ते कळल्यावर आधी गाव हसलं. मी हसले. मॅडमसुद्धा हसल्या. गंगाक्कानं कपाळावर हात मारून घेतला. मी अण्णांकडं बघितलं. त्यांच्या तोंडातली शिट्टी सुटून छातीवर पडली होती.

ते मैदानात धावले आणि पहिल्या पोरापाशी मातीत बसले. त्याच्या पायातली गाठ सोडायला लागले. गाठ सुटेना, तेव्हा दातानं सोडली. खिशातली हिरवी फीत बांधली. "ऊठ, राजा. पळ." मग दुसरं. मग तिसरं. आया ओरडल्या, "अण्णा, सोडू नगा की! नजर लागती!"

"नजरंला काजळ लावा, माय. पाया पडतो. हे नगं."

त्यांचा आवाज ऐकून आया मागं सरल्या. एकीनं घरून काजळाची डबी आणली. अण्णा फीत सोडत पुढं गेले, आणि मागून ती बाई पोरांच्या गालाला तीट लावत गेली. पोरं सुटली तशी मैदानभर उधळली. सगळी उठेपर्यंत मॅडम उभ्या होत्या.

जाताना त्या जीपपाशी मला म्हणाल्या, की काम चालू राहील, पुढच्या वर्षी परत येईन. मी पळतच शाळेत गेले. जीपला नवा टायर आला तरी नाचणारा हा माणूस, आता काय करेल! अण्णा शाळेच्या पायरीवर बसून सोडलेल्या काळ्या फिती मांडीवर सरळ करत होते. मी बातमी सांगितली. त्यांनी मान हलवली.

मी चहा आणून शेजारी बसले. त्यांनी आपणहून सांगितलं.

"किल्लारीकडं डॉक्टरांच्या जीपमदी मी बी गेलतो. दुकानातला काळा तागा घिऊन. डॉक्टर म्हनले, अण्णा, तुमाला इंजेक्शन येत न्हाई, पट्टी येत न्हाई, तुमी हे करा. ते गेलेल्याकडं बोट दावायचे, मी फाडून बांधायचो." त्यांनी एक फीत बोटाला गुंडाळली, परत सोडली. "लेकरायचे पाय लई बारीक असत्यात, सिस्टर. फीत उरती. ते पाय बगितल्यावर मला परत कापड मोजता आलं न्हाई."

चहा निवत होता. मैदानात पोरं पायातल्या हिरव्या फिती एकमेकांना दाखवत ओरडत होती. अण्णा त्यांच्याकडं बघत राहिले.

"तवा बांदलेली एक बी सोडाया मिळाली न्हाई. आज समद्या सोडल्या."

इतकी वर्षं मी त्यांच्या तोंडून 'समजा' ऐकत आले होते. या बोलण्यात ते एकदाही आलं नाही. मी त्यांच्या हातातला निवलेला चहा घेतला आणि दुसरा आणायला गेले.